एका घराच्या दोन पॉलिसी

गच्चीवरची टाकी फुटली तेव्हा घरात एकटी आई होती, आणि ती नेमकी फोन घ्यायला पुढच्या खोलीत आली होती म्हणून वाचली. फोन कुणीतरी चुकून लावला होता. मागे सगळं कोसळत असताना ती त्या माणसाला, "नाही हो, इथे असं कुणी राहत नाही," असं समजावून सांगत होती. वरची न्हाणी, तिच्याखालचं स्वयंपाकघर आणि मागची भिंत एका दमात खाली आली. पाणी भांड्यांतून, डब्यांतून, पायपुसण्यांवरून वाहत पुढच्या दारापर्यंत आलं. मग आईने फोन ठेवला, पदर खोचला आणि मागे काय झालंय ते बघायला गेली. तिला ओढून बाहेर आणायला दोन शेजारी लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन गेला. पुढच्या खोल्या शाबूत आहेत म्हणाला. मागच्या बाजूला ताबडतोब लोखंडी टेकू लावा, आणि लवकरात लवकर एक तर नीट बांधून काढा, नाही तर उरलेलं उतरवून टाका. वरच्या मजल्यावर कुणी झोपू नका. एवढं बोलून तो टोपी झटकत निघून गेला. चुना मात्र त्याच्या टोपीवर होता तेवढाच राहिला.

दोघी जावा आतल्या जिन्यावर भेटल्या. हा जिना या घरातला सीमेवरचा प्रदेश होता. वडील गेल्यावर वरची खोली वाढवण्यावरून भावाभावांत बिनसलं, तेव्हापासून धाकटा बच्चू बाहेरच्या लोखंडी जिन्याने ये-जा करायचा आणि थोरला, ज्याला घरात सगळे भाऊच म्हणत, वर पाऊल टाकत नसे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आतून चढ-उतर करायची ती फक्त आई आणि या दोघी. बच्चू चाळिशीला आलेला, गाडी शिकवण्याची शाळा चालवणारा माणूस. बाहेर त्याला सगळे सर म्हणायचे. घरात तो बच्चूच.

मोठी जाऊ खालच्या पायरीवर बसून डबे पुसत होती. धाकटी वरून ओल्या गाद्या खाली आणत होती.

"दोन्ही मुलांना बहिणीकडे पाठवून दिलं," धाकटी म्हणाली. "वहिनी, खर्च किती येईल हो हा सगळा?"

"येऊ दे. विमा मग कशासाठी असतो?" मोठी म्हणाली. कालपासून तिने मनाला दिलेला धीर हाच होता. "तेवढं एक बरं झालं, नाही का?"

"मी पण यांना तेच म्हणाले. भाऊ म्हणजे सगळं वेळच्या वेळी. आपल्याला तिथे बघायलाच नको."

मोठीने डबा पुसता पुसता विचारलं, "भाऊंचं काय?"

"पॉलिसी हो. तुमची."

"आमची कुठली? आमची यांनी रद्द केली. मागच्या वर्षीच. एका घराला दोन कशाला म्हणून. तुमची आहे ना!"

धाकटीने गादी कठड्याला टेकवली. "आमची या वेळी भरलीच नाही. भाऊंची आहे म्हणून."

"चेष्टा करू नकोस गं."

"वहिनी, मी चेष्टा करीन का आत्ता?"

मोठीच्या हातातलं झाकण पायऱ्यांवरून खडखडत खाली गेलं, आणि तिने ते अडवलंही नाही. या दोघींचं एरवी चांगलं जमायचं. नवऱ्यांचा अबोला त्यांनी कधी आपल्या अंगाला लावून घेतला नव्हता. भाजी वाटून घ्यायच्या, कपडे एकमेकींच्या दोरीवर वाळत घालायच्या. पण नवऱ्यांच्या पैशांच्या गोष्टी मात्र जिन्यावर काढायच्या नाहीत, असं त्यांनी न ठरवता ठरवलं होतं. चांगल्या मनाने पाळलेला तो नियम आता त्यांच्यावर उलटला होता.

"आता यांना कोण सांगणार?" धाकटीने विचारलं.

"तू तुझ्यांना सांग, मी माझ्यांना."

पुढच्या खोलीच्या दारात आई उभी होती. तिने ऐकलं असावं. "काय झालं?" असं तिने विचारायला हवं होतं, कारण घरात सुई पडली तरी ती विचारायची. आत्ता मात्र तिने काहीच विचारलं नाही. भिंतीला धरून ती परत आत गेली आणि खुर्चीत बसली. मोठीला वाटलं, कालचा धसका असेल.

*

बच्चूने विम्याच्या एजंट बाईंना त्यांच्या दुकानातून उचललं आणि शाळेच्या गाडीत शेजारी बसवलं. शिकवण्याची गाडी असल्यामुळे त्या बाजूलाही ब्रेक होता. बाई घाबरल्या की नकळत पाय दाबायच्या आणि गाडी आचके देत चालली होती.

"बाई, पाय वर घ्या जरा."

"घेतला, घेतला. सर, मी तुम्हाला आठवण करून दिली होती. एकदा नाही, दोनदा. तुम्ही म्हणालात, घरचं घरात बघतायत."

"म्हणालो होतो." तेव्हा तो एका मुलीला चढावर गाडी कशी उभी करायची ते शिकवत होता आणि फोन कानाला लावून बोलला होता. त्याला ते लख्ख आठवत होतं. वरची खोली वाढवताना बँकेने कर्जासाठी विमा घ्यायला लावला, म्हणून त्याने या बाईंकडून पॉलिसी काढली होती. कर्ज फिटलं. नंतर आई वर येऊन म्हणाली की भाऊ बघतोय सगळं. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. नुसतं बरं नाही, गदगदून आलं होतं. इतकं भांडण होऊनही भाऊ आपल्या डोक्यावरच्या छपराची काळजी करतो, हे तो शाळेतल्या पोरांनाही सांगायला विसरला नव्हता.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "त्याची रद्द झाली, माझी लॅप्स झाली. शेवटी दोन्ही गेल्याच ना? फरक काय राहिला?"

"फरक आहे. तुम्ही म्हणता तशी भाऊंनी रद्द केली, म्हणजे अर्ज देऊनच बंद केली असणार. कंपनीने उरलेल्या महिन्यांचे पैसे परत दिले असणार. विषय संपला. आता त्यांनी कितीही हात जोडले तरी ती उठून बसणार नाही. नवी काढायची तर पहिल्यापासून. तुमची कुणी बंद केली नाही. हप्ता आला नाही म्हणून ती पडून राहिली."

"म्हणजे एकाने लायसन्स ऑफिसात नेऊन परत दिलं, आणि दुसऱ्याने मुदत संपली तरी नवं करून घेतलं नाही."

"बरोबर. दुसऱ्याला दंड भरून तेच लायसन्स चालू करून मिळू शकतं."

"मग भरतो की दंड! आत्ता भरतो." त्याने गाडी एकदम बाजूला घेतली. बाईंनी ब्रेक दाबला.

"सर, ऐका तरी. दंड भरलात तर इथून पुढचं चालू होईल. मधल्या काळात गाडी ठोकली असेल, तर तेव्हा लायसन्स नव्हतंच. हप्ता चुकल्यावर थोडे दिवस सवलतीचे असतात. त्या दिवसांत टाकी फुटली असती तर मी तुमच्यासाठी भांडले असते. ते दिवसही उलटले."

गाडी उभीच होती. समोरच्या चहाच्या दुकानातला माणूस फळी पुसत त्यांच्याकडे बघत होता.

"आणि चालू करताना काय विचारतात?"

"लिहून द्यावं लागतं. हप्ता चुकल्यापासून आजवर घराचं काही नुकसान झालेलं नाही, म्हणून. खाली सही."

"बघायला येतात?"

बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढून मांडीवर धरला. "लगेच कुणी येत नाही. पण सर, हे तुम्ही मला विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. तो मजकूर हवा तर देते, तो सगळ्यांनाच देते. मला मात्र तुमच्या घराच्या कोपऱ्यावर सोडा. मी आत येणार नाही. आत आले तर मला दिसेल."

*

भाऊ खिडकीशी आपल्या कामाच्या टेबलापाशी बसला होता. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करून, तपासून, खरे असल्याचं शिक्कामोर्तब करून द्यायचं, हे त्याचं काम. काल पाण्यात भिजलेले काटे त्याने फडक्यावर ओळीने मांडले होते आणि एकेकाची पारडी पुसत होता. पुसून झालेला तोच काटा तो पुन्हा पुसायला घेत होता, हे मोठीच्या लक्षात आलं होतं.

त्याच्या लेखी त्याची काहीही चूक नव्हती, आणि त्यामुळेच त्याचा जीव कासावीस झाला होता. चूक असती तर ती सापडली असती आणि दुरुस्त करता आली असती. एका घरावर दोन पॉलिसी आहेत असं कळल्यावर त्याने चौकशी केली. नुकसान एकदाच होतं, भरपाईही एकदाच मिळते, असं कळलं. त्याने रीतसर अर्ज दिला, रीतसर पोच घेतली, आणि रीतसर निरोप पाठवला. आता मागे ढिगारा पडलाय आणि रीतसर वागल्याची पोच तेवढी हातात आहे.

बाहेरच्या दाराने बच्चू आत आला. चार वर्षांत पहिल्यांदा दोघे भाऊ एका छपराखालच्या एकाच खोलीत होते. वर जायचं नाही आणि दुसरी कोरडी खोली नाही, त्यामुळे दोघांनाही पर्याय नव्हता. बच्चू पलंगाच्या कडेवर बसला. आई मधे खुर्चीत. जावा दाराशी.

बच्चूने खिशातून तो मजकुराचा कागद काढून पलंगावर ठेवला, आणि बाईंनी काय सांगितलं ते बायकोकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

भाऊने काट्यावरून नजर काढली नाही. "आई, त्याला विचार, हप्ता भरायची दानत नव्हती तर पॉलिसी घेतली कशाला."

आई सवयीने वळली. "बच्चू, भाऊ विचारतोय, हप्त्याचं राहून गेलं का रे?"

"त्याला म्हणावं, ज्याने आपल्या हाताने रद्द करून पैसे खिशात घातले त्याने मला शहाणपण शिकवू नये."

"भाऊ, तो म्हणतोय, दोघांचंही जरा चुकलंच."

हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. धाकटीने ओठ आवळून मोठीकडे पाहिलं. मोठी आईंकडे बघत होती.

"चुकलं? माझं?" भाऊचा आवाज चढला. "त्याला विचार, मी निरोप पाठवला होता की नव्हता. माझी रद्द केली आहे, आता घरावर तुझी एकट्याचीच आहे, ती चुकवू नकोस, म्हणून. विचार!"

आई वळली नाही. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते.

बच्चूला विचारायची गरजच नव्हती; त्याने ऐकलं होतं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच काही तरी घडत होतं. एवढ्या काळात भावाचा निरोप त्याला आईच्या तोंडून, वरच्या मजल्यावर, शांतपणे मिळायचा. मूळ निरोप आणि पोहोचलेला निरोप असे दोन्ही एकामागोमाग त्याने आज पहिल्यांदा ऐकले होते. 'दानत नव्हती' याचं 'राहून गेलं का रे' होताना त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आई," तो हळूच म्हणाला. "मला असा निरोप मिळालाच नाही. तू वर येऊन म्हणालीस, भाऊ घराचं सगळं बघतोय, तू कसली काळजी करू नकोस."

काट्याचं पारडं भाऊच्या हातातून टेबलावर पडलं.

"आई, तेव्हाही असंच केलंस?"

*

आईला वाटलं, आपण काल फोन घ्यायला उठलो नसतो तर बरं झालं असतं.

सकाळी जिन्यावरचं बोलणं कानावर आल्यापासून तिला हे दिसत होतं. कुणी जरा हात लावेल आणि आपलं सगळं बाहेर पडेल, या भीतीने तिने दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आता दोन्ही मुलं तिच्याकडे बघत होती. लहानपणी काच फुटली की दोघं असेच बघायचे, फक्त तेव्हा विचारणारी ती असायची.

"काय बोलला होता तो नक्की?" बच्चूने विचारलं.

"जाऊ दे रे आता."

"आई, घर गेलंय. काय जाऊ दे?"

तिने भाऊकडे पाहिलं. त्यानेच मान खाली घातली. म्हणजे त्याला आठवत होतं.

"तो म्हणाला, त्या ऐतखाऊला सांग, मी माझी पॉलिसी रद्द केली," आई म्हणाली. शब्द एकेक करून नीट येत होते. "आयुष्यभर माझ्या जिवावर उड्या मारल्यास. आता एकदा तरी घराचा भार उचल. नाही जमलं तर बायको-मुलांना घेऊन चालता हो." ती थांबली. "हे घेऊन मी जिना चढायला लागले. खालच्या पायऱ्यांवर मी ऐतखाऊ टाकला. मग जिवावर उड्या टाकल्या. मग चालता हो. वर पोहोचले तेव्हा हातात काही उरलंच नव्हतं. तू दार उघडलंस, हसलास. मग मी आपलं काहीतरी बरं बोलले."

"पण पॉलिसीचं तरी सांगायचंस!" भाऊ ओरडला.

"मला पॉलिसीचं काय कळतंय? मला वाटलं, दोघांतल्या कुणाची तरी आहेच. मला एवढंच दिसत होतं की हे असं बोलणं वर गेलं की वरून तसंच खाली येणार, आणि मग एक दिवस मला दोघांपैकी एकाकडेच राहावं लागणार."

मागच्या बाजूला ओल्या भिंतीतून माती सुटल्याचा आवाज आला आणि सगळे दचकून तिकडे बघायला लागले. काही पडलं नाही.

भाऊने विचारलं, या वेळी ओरडून नाही. "मागे मी दवाखान्यात होतो, तेव्हा यानं निरोप पाठवला होता. भाऊला म्हणावं, काम पडू दे, तब्येत सांभाळ. तो तरी खरा होता?"

आई पदराची घडी नीट करायला लागली. बच्चूने जमिनीकडे पाहिलं. त्याने असा निरोप पाठवला नव्हता. तो तेव्हा फारच वेगळं काहीतरी बोलला होता.

भाऊला ते लागलं. दवाखान्याच्या खाटेवर त्या वाक्याने त्याला केवढा धीर आला होता, हे त्याने मोठीलाही कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं आपण ज्या भावावर मनातल्या मनात थोडी माया करत होतो तो भाऊ आईने रचला होता, आणि खरा भाऊ समोर पलंगावर बसला होता.

मोठी पुढे झाली. "झालं ते झालं. आता पुढचं बघा. भावोजी, तुम्ही सही करा."

"अगं!" भाऊ म्हणाला.

"काय अगं? भिंत मागच्या बाजूला पडली, आत पडली. रस्त्यावरून दिसत नाही. आज पैसे भरले, उद्या टाकी फुटली. कुणाच्या तोंडचा घास काढतोय? कंपनीच्या? त्यांनी इतकी वर्षं आपल्याकडून घेतलेच की." तिचा आवाज भरून आला. "माझं स्वयंपाकघर गेलंय. मला चूल मांडायला जागा नाही. तुमच्या पोचपावतीवर भाकरी भाजू?"

"वहिनी, सही यांची जाणार आहे," धाकटी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच मोठीच्या विरुद्ध बोलत होती. "उद्या इंजिनिअरने सांगितलं, आम्ही आधी बघून गेलो होतो, तर? शेजाऱ्यांनी आईंना ओढून बाहेर काढलं, त्यांनी सांगितलं तर? धरतील ते यांना. तुमच्यांचं काय जातंय? त्यांची तर रद्दच आहे, ते मोकळे."

"म्हणजे आम्ही मुद्दाम मोकळे झालो?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलंस की!"

जिन्यावरची भाजी, दोरीवरचे कपडे, सगळं एका क्षणात बाजूला पडलं. दोघींनी एकमेकींकडे पाठ फिरवली.

बच्चूने खिशातलं पेन काढलं. "मी करतो सही. हप्ता माझा चुकला. मला पकडलं तर पकडलं." तो हे मोठेपणाने म्हणाला खरा, पण पेनाचं टोपण निघता निघेना. "आईला दुसऱ्याच्या दारात मी ठेवणार नाही. हे घर उभं राहायला पाहिजे."

आईला वाटलं, ओरडावं, करू नको. आणि वाटलं, कर बाबा, कर. दोन्ही एकदमच वाटलं.

भाऊ उठला. टेबलाला धरून उभा राहिला. "आई," तो म्हणाला, "त्याला सांग..."

"मी नाही सांगणार."

"आई, अगं वेळ काय आहे..."

"मी नाही सांगणार. तो तिथे बसलाय. तुझ्यापासून किती लांब आहे? तुला तोंड आहे, त्याला कान आहेत. माझं झालं आता."

भाऊ तसाच उभा राहिला. कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, याचाच त्याला विसर पडला होता. बच्चू म्हणायचं, की काही न म्हणता बोलायचं, की 'हे बघ' म्हणायचं? शेवटी त्याने भावाच्या हातातल्या पेनाकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"सही केलीस तर मी स्वतः त्या कंपनीत जाईन. टाकी आधी फुटली होती म्हणून सांगेन. त्यांनी विचारायच्या आधी सांगेन."

"अहो!" मोठी कळवळली.

बच्चूने भावाकडे पाहिलं नाही. त्याने आईकडे पाहिलं. सवयच ती; आता आई वळेल, आवाज खाली आणेल आणि याचं काहीतरी दुसरंच होऊन आपल्यापर्यंत येईल, म्हणून तो वाट बघत राहिला. आईच्या जिभेवर ते तयारही होतं. 'बच्चू, भाऊला तुझी काळजी वाटते रे, तू तुरुंगात जाशील म्हणून.' एवढं म्हटलं असतं तर खोलीतली हवा हलकी झाली असती. कदाचित ते खोटंही नव्हतं. पण खरं आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि याआधीही कधीच ठाऊक नव्हतं. तिने ते गिळलं.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "तेच म्हणाला तो. जसं म्हणाला तसंच."

बच्चूचा चेहरा लाल झाला. तो भावाकडे वळला. "म्हणजे तू मला पकडून देशील."

"देईन."

"सख्ख्या भावाला."

"हो. रोज दुकानदारांना सांगतो, काटा खोटा असेल तर मी शिक्का देणार नाही. तुझ्या सहीने बांधलेल्या भिंतीआड बसून कुठल्या तोंडाने सांगू?"

"तुझ्या तोंडाचं पडलंय तुला! आणि घर?"

"मागचं उतरवू. पुढच्या दोन खोल्यांत राहू. जसं जमेल तसं बांधू, नाही जमलं तर नाही."

"कोण राहू? तू आणि वहिनी आणि आई?"

"सगळे."

"दोन खोल्यांत सात माणसं?"

"मग काय करू?" भाऊ इतक्या जोरात ओरडला की टेबलावरचे काटे हलले. "तुझ्या पोरांना रस्त्यावर झोपवू? तू तुरुंगात जाऊन बसलास तर त्यांना गाडी कोण शिकवणार, मी? मला दुसरा भाऊ आहे का? टाक ते पेन खाली, ऐतखाऊ!"

बच्चूने पेन खाली ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा ते हातातून सुटलं. तो भावाकडे टक लावून बघत होता, आणि मग पुन्हा हळूच त्याची नजर आईकडे वळली.

आईने नाही अशी मान हलवली. यातलं काहीच तिने घातलेलं नव्हतं.